सातव्या मजल्यावर वाड्याचं सामान कसं बसवायचं? (एक्लेक्टिक का काय म्हणतात ते)

माजघर
८ जून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून लिहितेय. आमचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर पाडायला दिलं आणि आम्ही कळंब्याच्या बाजूला सातव्या मजल्यावर टू बीएचके घेतला. हॉल ११ बाय १६. घर पाडायच्या आधी आत्यांनी (म्हणजे सासूबाईंनी) जे जे बाहेर काढून ठेवलं ते असं: एक शिसवी कपाट, गणेशपट्टीची सागवानी चौकट, पितळी कड्यांचा झोपाळा, तांब्याचा बंब, आजेसासऱ्यांच्या चहाच्या दुकानातल्या दोन गोल बैठकीच्या खुर्च्या, त्यांचीच तालमीतली करेलाची जोडी (व्यायामाला फिरवायची जड लाकडी मुद्गलं), लक्ष्मीचं जुनं छापील चित्र आणि दोन घोंगडी. आमच्याकडं आधीचं सामान म्हणजे राखाडी एल आकाराचा सोफा, पांढरं चकचकीत टीव्ही युनिट, पोराची बीनबॅग, आणि मी हौसेनं आणलेली वारली चित्रं.

एका इंटेरियरवाल्याला बोलवलं. तो म्हणाला मॅडम, आपण एक्लेक्टिक करू. मला वाटलं वा, म्हणजे आमचं सगळं बसणार. तर कोटेशनमधी काय, रस्टिक कन्सोल, व्हिंटेज फिनिशचा आरसा, अँटिक लूकचा दिवा, आणि आमचं सामान "स्टोअर ऑर डिस्पोज". म्हणजे आमच्याच घरातलं जुनं काढायचं आणि कुणाच्या तरी कारखान्यात गेल्या महिन्यात जुनं केलेलं विकत आणायचं. त्याला नमस्कार करून पाठवलं, पण आता हॉलमधी गोडाऊन झालंय आणि घरात रोज एक विषय आहे. नवरा म्हणतो बंबाचा लॅम्प कर, जाऊ म्हणते त्यात झाड लाव, आत्या काहीच बोलत नाहीत, नुसत्या बंबाकडं बघतात.

सुचवा काहीतरी.


तांबडा_पांढरा
८ जून

नाद खुळा वैनी! बंब द्यायचा झाला तर मला सांगा, दोन मिसळी आन वर रोख. बाकी ते एक्लेक्टिक म्हंजे आमच्या आजीचं घर की ओ. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर बाहुली, शेजारी बाबूजमाल दर्ग्याचा अंगारा आन भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर. आमाला कुणी डिझायनर म्हणलं न्हाई.


मुक्काम_पुणे
८ जून

मूळ शब्द ग्रीक आहे, अर्थ निवडून घेणे. प्राचीन काळी जे तत्त्वज्ञ एकाच पंथाला न चिकटता चार पंथांतलं पटेल ते उचलत त्यांना हे विशेषण होतं. त्यामुळे 'सगळं ठेवलं' म्हणजे एक्लेक्टिक नाही, 'निवडलं' म्हणजे एक्लेक्टिक. नियम म्हणून ६०-३०-१० धरा, साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के ठसठशीत. आणि गणेशपट्टीच्या चौकटीला दार असेल तर त्याचं काचेचं डायनिंग टेबल फार सुंदर होतं, आमच्या सोसायटीत तीन जणांनी केलंय.


सुतारपक्षी
९ जून

तीन जणांनी केलंय हीच अडचण हाय दादा. वैनी, आमच्या तीन पिढ्या सुतारकामात हायत म्हणून स्पष्ट सांगतो. दाराचं टेबल फोटोत ब्येस दिसतं. घरात काय हुतंय, नक्षीत भाताची शितं आन धूळ बसती, काच उचलून पुसायला दोन माणसं लागत्यात, आन दाराच्या मागच्या आडव्या पट्ट्या जेवताना बरोब्बर गुडघ्याला लागत्यात. टेबलाची उंची ३० इंचाच्या आसपास असावी लागती, त्यात दाराची जाडी गेली की मांडी कुठं घालायची? दार उभं राहायला केलेलं असतंय, उभंच ऱ्हाऊ दे.

आता कपाटाचं. आधी लिफ्टचं माप घ्या. पेठेतली कपाटं जिन्यानं चढतील म्हणून कुणी केलेली न्हाईत, ती जागेवर बसून केलेली. पण जुन्या कामात खिळा कमी, पाचर ठोकून सांधे बसवलेले असत्यात, जाणता माणूस असला तर कपाट उकलून परत तसंच जोडतो. हातोडा घेऊन आलेल्याला हात लावू देऊ नका.

भुंगा लागलाय का ते बी बघा. बारीक गोल भोकं आन खाली पिठागत भुकटी. भोकं जुनी असली तर चालतंय, पर भुकटी झाडून खाली काळा कागद पसरा, आठ दिवसानं परत भुकटी पडली तर आत किडा जिता हाय. आधी औषध मारून घ्यायचं, मग घरात.

पॉलिश शक्यतो चपडी लाख आन स्पिरिटचं. गरम कप ठेवला की पांढरा गोल उठतो ही खोड हाय त्याला, पर परत हात मारला की जातंय. मेलामाइन मारून चकचकीत केलं की शिसव आन सनमायका सारखंच दिसतंय. आन कोण अळशीचं तेल चोळा म्हणलं तर चोळा, पर तेलाचे बोळे गुंडाळून डब्यात टाकू नका. ते आपसूक तापत्यात आन पेट घेत्यात, चेष्टा न्हाई, आमच्या दुकानात एक पोतं जळलंय. पसरून वाळवायचे न्हाईतर पाण्यात भिजवून टाकायचे.


माजघर
९ जून

बोळ्यांचं माहीतच नव्हतं! काल रात्रीच नवऱ्यानं करेलाला तेल लावून फडकं चुरगाळून जुन्या पेपरांवर टाकलेलं. पळत जाऊन उचललं.

लिफ्टचं माप घेतलं. कपाट पाच इंचानं अडतंय. उकलायला माणूस बघतेय.


चित्रकथी
१० जून

मला ह्या चर्चेत न्यू पॅलेस, म्हणजे आपला कोल्हापूरचा राजवाडा आणायचाय. हसू नका. आपण शाळेच्या सहलीत जाऊन हत्यारं आणि वाघ बघून परत येतो, इमारतीकडं कुणी बघतच नाही. मेजर चार्ल्स मँट नावाच्या ब्रिटिश इंजिनियरनं आराखडा केला, १८८४ मध्ये बांधून पूर्ण झाला, तो स्वतः त्याआधीच १८८१ ला वारला. बडोद्याच्या लक्ष्मी विलासचा आराखडापण त्याचाच. आता त्यात काय काय आहे बघा, गुजरात-राजस्थानकडची जैन-हिंदू धाटणी, आपल्याकडची वाड्याची धाटणी, मध्ये विलायती थाटाचा घड्याळाचा मनोरा, आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. कागदावर वाचलं तर भेळ वाटेल. पण समोर उभं राहिलं की विस्कळीत वाटत नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण एकच, सगळं काळ्या घडीव दगडात आहे. दगड एक ठेवला, म्हणून बाकी चार ठिकाणचं चाललं.

तर माजघरताई, तुमच्या हॉलचा 'दगड' कुठला ते आधी ठरवा. ६०-३०-१० नंतर. तुमच्या यादीत पितळ-तांबं आणि गडद लाकूड दोन्ही आहेत, त्यातलं एक पकडा आणि ते खोलीत किमान तीन ठिकाणी नजरेला पडू दे, म्हणजे राखाडी सोफा आपोआप मागं सरकतो, तो फेकायची गरज नाही.


तांबडा_पांढरा
१० जून

त्या राजवाड्यात पेंढा भरलेला वाघ बी हाय, म्हणून काय वैनींनी हॉलमधी ठेवायचा व्हय. आन राजवाड्याच्या खोल्या बघा आन ११ बाय १६ बघा.


चित्रकथी
१० जून

खोल्या लहान आहेत म्हणूनच तर. मोठ्या खोलीत चूक हरवते, छोट्या खोलीत ती पायात येते.


ओली_भिंत
११ जून

नाव वाचून कळलंच असेल मी कुठल्या विषयावर बोलणार. मंडळी जून चाललाय, आणि कुणी ओलीचं बोलत नाही! ताई, तुमच्या फ्लॅटची पश्चिमेची नाहीतर नैऋत्येची भिंत बाहेर उघडी असेल तर आपल्याकडचा पाऊस तिच्यावर चार महिने तिरका बसतो. त्या भिंतीवर जुनं छापील चित्र लावू नका म्हणजे नकाच. माझ्या आजोबांकडचं सरस्वतीचं चित्र मी हौसेनं नवीन काच घालून तिथं लावलं, दिवाळीला काढून बघतो तर मागून बुरशी आणि काचेला चिकटलेलं तोंड. चित्र आणि काच यांच्यात माउंटची फट पाहिजे, फ्रेमच्या मागं चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो, आणि आतली भिंत निवडा. रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला, पुढं मळवलीला गेला, त्या काळातल्या छपाईचं काही असेल तर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, ते कापून फ्रेम करू नका, फ्रेमवाले बिनधास्त कापतात.

दुसरं, प्लायवूड. आम्ही पंचगंगेच्या बाजूला राहतो. २०१९ ला खालच्या मजल्यावर पाणी, २०२१ ला परत. पहिल्या पुरानंतर एका ठेकेदारानं 'मरीन आहे मरीन' म्हणून जे घातलं ते दुसऱ्या पुरात पुस्तकासारखं पानं सुटून उघडलं. नंतर कळलं की शिक्का बघायचा असतो, आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारं, आयएस ३०३ म्हणजे साधं. लॅमिनेट लावायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. त्याच पुरात आजीची सागवानी पेटी अख्खी बुडालेली, चिखल धुतला, सावलीत महिनाभर वाळवली, आजपण त्यात गहू आहेत.

(तुम्ही सातव्या मजल्यावर, तुम्हाला पुराची काय भीती म्हणा, पण राहवलं नाही.)


उद्यमनगरी
१२ जून

माझी एक भर. कोल्हापुरात ऱ्हाऊन लोक ऑनलाइनवर 'इंडस्ट्रियल लूक'चे गिअर मागवालेत, प्लॅस्टिकचे, तेव्हा हसावं का रडावं कळत न्हाई. भावांनो उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्र्या हायत. वाळूचा साचा करायला लाकडी पॅटर्न लागतो, पुलीचा, गिअरचा, पंपाच्या बॉडीचा. ऑर्डर बंद झाली की पॅटर्न वर्षानुवर्षं माळ्यावर पडतो आन शेवटी जळणात जातो. लाल-पिवळा-काळा रंग उडालेला, पॅटर्नवाल्यानं हातानं गोलाई दिलेली, एखादा भिंतीवर लावला तर कुठल्या बी शोपीसला भारी. माझ्याकडं एका मोठ्या पुलीचा हाय, अडीच फुटी, त्यात आरसा बसवलाय.

अवांतर पण गंमत हाय: पॅटर्न खऱ्या वस्तूपेक्षा किंचित मोठा असतोय, कारण लोखंड गार होताना आक्रसतं, बिडाला साधारण एक टक्का. म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच वेगळी असती, तिच्यावरचा फूट फुटापेक्षा जरा मोठा. माझे वडील ती पट्टी कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. मी एकदा शाळेत नेली आन भूमितीत मार खाल्ला.


मुक्काम_पुणे
१२ जून

ही फूटपट्टीची गोष्ट जबरी आहे! दाराच्या टेबलाबद्दल सुतारपक्ष्यांचं मान्य, मागे घेतो. त्या गोल खुर्च्यांबद्दल मात्र सांगतो. वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या असतील तर ती जात व्हिएन्नाच्या थोनेटची. त्यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ मध्ये आली, लाकडाचे सहा तुकडे, थोडे स्क्रू, सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ मावत. आपल्याकडे इराण्यांच्या हॉटेलांत त्याच घराण्यातल्या खुर्च्या दिसतात. बैठकीच्या कडेला आतून शिक्का किंवा कागदी लेबल आहे का बघा. नसलं तरी काय बिघडत नाही.


माजघर
१३ जून

बघितलं, शिक्का नाही, पण आतल्या बाजूला आजेसासऱ्यांनी ऑइलपेंटनं ७ आणि ११ असे आकडे घातलेत. म्हणजे बाकीच्या कुठंतरी गेल्या. आत्या म्हणाल्या सात नंबरवर वस्ताद बसायचे, दुसरं कुणी बसत नव्हतं.

एक विचारायचं होतं. जाऊ म्हणतेय आत्यांच्या जुन्या इरकलींची उशीकव्हरं करू, टोपपदराचा लाल-पांढरा सोफ्याच्या राखाडीवर खुलेल. दिसेल छान यात शंका नाही.


खडीसाखर
१३ जून

दिसेल छान पण आत्यांना विचारलंत का? माझ्या आईच्या साडीची मी अशीच सहा कव्हरं केली, तिच्या मागं, म्हणजे ती हयात असताना पण न विचारता. आली, बघितली, काही बोलली नाही, आणि मुक्कामाला होती तोवर त्या सोफ्यावर एकदापण टेकली नाही, खाली सतरंजीवर बसली. नवीन खण घ्या, मिळतो की, पन्हा कमी असतो पण १६ इंची उशीला पुरतो, आतून अस्तर लावा नाहीतर शिवणीत उसवतो. साडी फाटकी असेल आणि त्यांनी स्वतः दिली तरच कापा.

घोंगड्याचं सांगते, सोफ्यावर टाकू नका, टोचतं. बेडच्या पायथ्याला घडी करून ठेवा किंवा भिंतीला. ऊन दाखवत राहा, कसर लागते.


सुतारपक्षी
१४ जून

झोपाळ्याचं कुणी बोललं न्हाई म्हणून. पेठेत त्यो सागवानी तुळईला हुता. हितं स्लॅब हाय. स्लॅबला ड्रिल मारून साधे फास्टनर ठोकून झोपाळा टांगू नका, झुलताना नुसतं वजन येत न्हाई, हिसका येतोय, आन त्यो रोज येतोय. बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा बीम कुठं हाय, त्यो सांगील तसं करा. न्हाईतर खाली उभी चौकट करून तिला टांगायचा, जागा जरा खाईल, पर वरच्या मजल्यावरनं भांडण येणार न्हाई.


पिवळाबल्ब
१५ जून

एवढं सगळं बोललात आणि लाईट राहिला. ताई, बिल्डरनं हॉलला पांढऱ्याफेक पट्ट्या दिल्या असतील, ६५०० केल्विनच्या. त्या उजेडात शिसव कोळशागत दिसतं आणि पितळ स्टीलसारखं. काही विकत घ्यायच्या आधी २७०० ते ३००० केल्विनचे चार बल्ब आणा, सगळे एकाच आकड्याचे, आणि वरचा मोठा लाईट बंद करून दोन कोपऱ्यांत लावून बघा. पाचशे रुपयांच्या आत अर्धं इंटेरियर होतं. अभ्यासाच्या टेबलावर मात्र पांढराच ठेवा, पोरगं झोपतंय पिवळ्यात.


माजघर
२४ ऑगस्ट

मंडळी उशीर झाला. मधी पाऊस, पोराची परीक्षा, आणि कपाट उकलणारा माणूस मिळायला महिना.

काय केलं ते सांगते. आधी हॉल पूर्ण रिकामा केला, सोफासुद्धा बेडरूममधी ढकलला, आणि दोन दिवस नुसत्या चटया टाकून राहिलो. मग रोज एकच वस्तू आत आणली. ही आयडिया माझी नाही, आत्यांची. त्या म्हणाल्या, गौरी आणतो तशी एकेक आण, जिथं बसंल तिथं बसंल. पहिलं कपाट. ते उकलताना आतल्या फळीमागं कुणाच्या तरी लग्नाच्या याद्या निघाल्या, लाडूचं मैद्याचं माप, हळदीचा हिशोब, दोन तास तेच वाचत बसलो, कपाट तसंच सुटं पडलेलं आणि सुतारमामा चहावर चहा पिऊन वैतागले. जोडल्यावर पावणेसात फुटी झालं आणि साडेनऊ फुटी छताखाली जरा दांडगं वाटतं, खरं सांगायचं तर अजून वाटतं. पण त्याच्यात टीव्हीचा सगळा पसारा, राऊटर, पोराचे खेळ, सगळं गेलं आणि पांढरं चकचकीत युनिट नणंदेनं नेलं. टीव्ही आता भिंतीवर एकटाच आहे.

चित्रकथींचं ऐकून 'दगड' म्हणून पितळ-तांबं धरलं. चौकट उभीच ठेवली, हॉल आणि पॅसेजच्या मधी, नुसती, दार नाही, तिच्या कड्या-कोयंडे चिंचेनं घासले पण लखलखीत नाही केले. लक्ष्मी आतल्या भिंतीवर, बुचं लावून. (कोपऱ्यात छापखान्याचं नाव खरंच निघालं पण अर्धं पुसलेलं, वाचता येत नाही.) करेलाची जोडी सोफ्याशेजारी कोपऱ्यात. येणारा प्रत्येक पुरुष ती उचलून बघतो आणि काहीच झालं नाही असं दाखवत परत ठेवतो.

फसलं ते पण सांगते. वारली चित्रं. कुठंही लावली तरी हॉटेलात आल्यासारखं वाटायला लागलं, काढून ठेवली, वाईट वाटलं. एक घोंगडं जमिनीवर अंथरून बघितलं तर फरशीवरनं सटकतं, आत्या पडता पडता वाचल्या, लगेच उचललं. पॅटर्न मिळाला, दहा इंची गिअरचा, पण नवऱ्यानं त्याला सोनेरी स्प्रे मारला. मी गावाला गेलेले. काही बोलायचं नाही मला त्यावर. झोपाळा अजून बाल्कनीच्या दारात उभा आहे, इंजिनियर 'येतो' म्हणालेत.

बल्ब बदलले त्या रात्री सोफापण बरा दिसला. इरकलीचं आत्यांना विचारलं, त्यांनी दोन दिवसांनी स्वतः एक जुनी काढून दिली, म्हणाल्या ही काप, दुसऱ्या दोन नको. एका साडीत चार उशा झाल्या.


उद्यमनगरी
२४ ऑगस्ट

सोनेरी!! दादांचा नंबर द्या, मी बोलतो. थिनरनं निघंल, पर खालचा मूळ रंग बी जाईल त्याच्यासंगट. आता तसाच ऱ्हाऊ दे, वीस वर्षांनी त्यो बी जुना हुईल.


तांबडा_पांढरा
२५ ऑगस्ट

सगळं सांगितलंसा, बंबाचं काय?


माजघर
२५ ऑगस्ट

बाल्कनीत. लॅम्पवाला आणि झाडवाली दोघं अजून वाटाघाटीत.


माजघर
२२ ऑक्टोबर

बंबाचा निकाल लागला. पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री आत्यांनी वॉचमनमामांना हाताशी धरून बंब लिफ्टनं गच्चीवर नेला (बंब बसतो लिफ्टमधी, कपाटच तेवढं बसत नव्हतं), नारळाच्या शेंड्या आणि चौकटीच्या सुतारकामातले तुकडे घालून पहाटे चारला पेटवला. आम्हाला पत्ताच नाही, खालून कुणीतरी फोन केला की तुमच्या गच्चीवरनं धूर येतोय. जाऊन बघतो तर सहाव्या मजल्यावरचे काका टॉवेल खांद्यावर टाकून आधीच लायनीत. अख्ख्या बिल्डिंगच्या पोरांना उटणं लागलं. सेक्रेटरी तक्रार करायला वर आले आणि दोन बादल्या घेऊन खाली गेले.

बंब आता गच्चीवरच ठेवायचाय, पत्र्याखाली. आत्यांनी नवऱ्याला सांगितलंय, त्याला भोक पाडलंस तर बघ.


तांबडा_पांढरा
२२ ऑक्टोबर

फोटो टाका की वैनी.


माजघर
२२ ऑक्टोबर

काढले सतरा. सगळ्यात नुसता धूर आणि काकांचा टॉवेल.